कुत्र्याचं पोट सारखं बिघडतंय? आधी वही सुरू करा

दर वेळी खाद्याचा ब्रँड बदलू नका. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, कारण अचानक केलेल्या बदलानेही जुलाब होतात आणि मूळ कारण झाकलं जातं. बदल करायचाच तर ७ ते १० दिवसांत, थोडं थोडं मिसळून.

आधी दोन आठवडे रोज लिहा: काय खाल्लं, किती, शी कशी झाली, उलटी किती वाजता. बिस्किट, दूध, पोळीचा तुकडा, आजीने टेबलाखाली दिलेला घास, सगळं. घरातल्या प्रत्येकाला विचारा. कारण बहुधा इथेच सापडतं.

मग शी तपासून घ्या. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचे कोष (सिस्ट) शीतून रोज पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर विसंबू नका. एकाआड एक दिवसाचे तीन द्या. जंताचं औषध वजनानुसारच.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार-चाचणी: कुत्र्याने पूर्वी न खाल्लेलं एकच प्रथिन असलेलं खाद्य, बाकी काही नाही. चव घातलेल्या औषधाच्या गोळ्यासुद्धा बंद.

माणसांची जुलाबाची किंवा वेदनाशामक गोळी देऊ नका. रक्त, सततची उलटी, मलूलपणा दिसला, किंवा पिल्लू असेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.