क्रॅश होणारी विंडो आणि करिअरचा निर्णय

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोजमापांच्या फाइली वाचून त्यांतील सरासरी, कमाल आणि किमान मूल्ये काढणारा माझा सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम टर्मिनलवर व्यवस्थित चालत होता. प्रकल्पासाठी मी क्यूटी ही विंडो-बटणे बनवण्याची लायब्ररी वापरून त्याला विंडो, मेनू आणि आलेख जोडले. तेव्हापासून दुसरी फाइल उघडली की तो कधी कधी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडतो, आणि विंडो बंद करताना तर हमखास पडतो. चूक शोधण्यासाठी प्रिंटची एक ओळ घातली, तर दुसऱ्या फाइलचा क्रॅश नाहीसा झाला! मित्र म्हणतात की सी प्लस प्लस सोड आणि वेब डेव्हलपमेंटकडे वळ. सिस्टिम प्रोग्रॅमिंग, म्हणजे मेमरी थेट हाताळणारे असे प्रोग्रॅम लिहिणे, माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, असे समजावे का?

उत्तर : असे समजू नये, निदान या क्रॅशवरून तरी मुळीच नाही. तुमच्या पत्रात नेमकी लक्षणे दिलेली असल्यामुळे आधी त्यांचा विचार करू, कारण करिअरच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतूनच निघणार आहे.

टर्मिनलवरच्या प्रोग्रॅममध्ये कोणती गोष्ट कधी घडणार हे तुम्ही ठरवत होता: फाइल वाचायची, हिशेब करायचा, निकाल छापायचा आणि थांबायचे. मेन फंक्शनमधली व्हेरिएबल्स त्यामुळे शेवटपर्यंत टिकून राहत होती. इंटरफेस जोडला की सूत्रे इव्हेंट लूपकडे, म्हणजे वापरकर्त्याच्या क्लिकची वाट पाहत फिरणाऱ्या कोडकडे, जातात. मेनू तयार करणारे फंक्शन आपले काम उरकून केव्हाच परतलेले असते. वापरकर्ता बटण दाबतो ते त्यानंतर, आणि त्या वेळी चालणारा कोड ज्या व्हेरिएबलचा पत्ता धरून बसलेला असतो, ते व्हेरिएबल कदाचित अस्तित्वातच नसते. इंटरफेसमुळे नवी चूक निर्माण झाली, असे दरवेळी नसते. अनेकदा जुन्या कोडने मनाशी धरलेले गृहीतक इंटरफेसमुळे उघडे पडते.

दुसऱ्या फाइलचेच पाहा. तुमची मोजमापे बहुधा व्हेक्टरमध्ये (गरजेनुसार वाढणाऱ्या यादीत) असतील आणि आलेखाच्या विंडोने त्यातल्या घटकांचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, जपून ठेवले असतील. नवी फाइल वाचताना तोच व्हेक्टर रिकामा करून पुन्हा भरला आणि ती फाइल आधीच्या जागेत मावली, तर जुने पत्ते तसेच वैध दिसतात आणि काहीच बिघडत नाही. फाइल मोठी असेल, तर व्हेक्टर अधिक मोठी जागा घेऊन सगळा मजकूर तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो; आलेख मात्र त्या सोडलेल्या जागेतच वाचत राहतो. तुमच्या ‘कधी कधी’चे कारण हेच असावे, असा माझा कयास आहे. आधी लहान आणि मग मोठी फाइल उघडून, नंतर उलट क्रमाने उघडून तो पडताळून पाहा.

विंडो बंद करतानाचा क्रॅश वेगळ्या कुळातला वाटतो. क्यूटीमध्ये पालक विजेट (इतर घटक पोटात असलेला विंडोचा घटक) नष्ट होताना आपल्या अपत्य विजेटांनाही डिलीट करते. अपत्य विजेट मेनमध्ये साध्या स्थानिक व्हेरिएबलसारखे, आणि तेही पालकाच्या आधी घोषित केले असेल, तर फंक्शन संपताना उलट क्रमाने आधी पालक नष्ट होते, ते अपत्याला डिलीट करते, आणि त्यानंतर त्याच अपत्याचा डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट करणारा कोड) पुन्हा एकदा चालतो. अशी अपत्य विजेटे ‘न्यू’ ही आज्ञा वापरून तयार करावीत आणि त्यांची मालकी पालकाकडे सोपवावी.

प्रिंटची ओळ घातल्यावर दोष लपला म्हणजे तो दुरुस्त झाला, असे नाही. अवैध मेमरी वाचल्यावर काय होईल याची हमी भाषा देतच नाही, आणि एका ओळीनेही मेमरीतली मांडणी बदलू शकते. म्हणून प्रिंटच्या भरवशावर न राहता प्रोग्रॅम डिबग माहितीसह आणि ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या सोयीचा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करा. ही सोय क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरमध्ये आहे. सोडून दिलेली मेमरी वापरली गेली की तो जागच्या जागी प्रोग्रॅम थांबवतो आणि तीन माग छापतो: मेमरी आता कोणत्या ओळीने वापरली, ती आधी कोणी सोडली आणि मुळात कोणी घेतली. बहुतेक विद्यार्थी पहिला माग वाचून थांबतात. उत्तर मात्र बहुधा दुसऱ्यात असते. व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारे साधनही उपयोगी आहे, पण त्याखाली प्रोग्रॅम साधारणपणे 20 ते 30 पट संथ चालतो, तर सॅनिटायझरखाली सुमारे दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे विंडो असलेल्या प्रोग्रॅमसाठी मी सॅनिटायझरलाच पसंती देईन. अहवालात मेमरी लीकच्या (घेऊन परत न केलेल्या मेमरीच्या) तक्रारींचा ढीग दिसला तर तूर्त तो बाजूला ठेवा. त्यातल्या बऱ्याच ग्राफिक्स लायब्रऱ्यांच्या असतात, आणि तुमचा क्रॅश त्यांमुळे होत नाही.

आता मित्रांच्या सल्ल्याविषयी. वेब डेव्हलपमेंट हे उत्तम क्षेत्र आहे, परंतु या दोषापासून पळण्यासाठी तिकडे जाणे निरर्थक आहे. पायथनच्या टीकिंटर या विंडो बनवण्याच्या लायब्ररीत चित्राचा संदर्भ फंक्शनबाहेर जपून ठेवला नाही, तर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) ते चित्र काढून टाकतो आणि विंडोत रिकामी जागा उरते. जावास्क्रिप्टमध्ये काढायचे राहून गेलेले इव्हेंट लिसनर (क्लिकसारख्या घटनेची वाट पाहणारी फंक्शन्स) नको असलेल्या वस्तू मेमरीत अडकवून ठेवतात. तिथे सेगमेंटेशन फॉल्ट दिसणार नाही, पण कोणती वस्तू कोणाच्या मालकीची आणि किती काळ जगणार, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

दुसरीकडे, हा प्रश्न सोडवू शकणाऱ्या माणसांची गरज मोठी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2019 मध्ये सांगितले होते की दरवर्षी ते ज्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करतात, त्यांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या हाताळणीशी निगडित असतात. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमच्या चमूने 2020 मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा दोषांबाबत जवळपास तोच आकडा दिला. ब्राउझर, गेम इंजिने, वाहनांतील आणि वैद्यकीय उपकरणांतील सॉफ्टवेअर या सर्व ठिकाणी हे ज्ञान रोजच्या कामाचे आहे. 2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट ही भाषा मालकीचे नियम कंपायलरकडूनच पाळून घेते, आणि तुम्ही आज ज्या चुकांशी झगडत आहात त्या समजल्यानंतर ती भाषा शिकणे बरेच सोपे जाईल.

प्रकल्पाच्या अहवालात हे क्रॅश लपवू नका. लक्षण, सॅनिटायझरचा अहवाल, कारण आणि दुरुस्ती असे दोन पानी टिपण त्यात जोडा. मुलाखतीत ‘तुम्ही सोडवलेला अवघड दोष सांगा’ असे विचारले जाते, तेव्हा अनेक उमेदवारांपाशी मोघम उत्तरच असते.

निर्णय मात्र दोन्ही दोष सापडल्यानंतरच घ्या. अहवाल वाचताना, पत्त्यांचा माग काढताना वेळ कसा गेला हे कळले नाही, तर सिस्टिम प्रोग्रॅमिंगमधील पहिल्या नोकरीसाठी अर्ज करायला सुरुवात करा. दोष सापडूनही ते काम केवळ कंटाळवाणे वाटले, तर वेबकडे खुशाल वळा. तो निर्णय आवडीचा असेल आणि मला त्यात काहीही वावगे दिसत नाही.