संयोजी ऊतीतली ‘पेशी’ आणि ‘तंतू’

फोंड्यातील एक शिक्षिका शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ‘संयोजी ऊती पेशी आणि तंतू यांची बनलेली असते’ असे वाक्य लिहीत होत्या. (ऊती म्हणजे एकसारखे काम करणाऱ्या पेशींचा समूह; संयोजी ऊती शरीराचे भाग जोडते आणि त्यांना आधार देते.) हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. तेव्हा मराठीतही हिंदीप्रमाणे पेशीला ‘कोशिका’ लिहावे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते लिहू नये. सजीवाच्या सर्वांत लहान घटकासाठी मराठीत ‘पेशी’ पक्का रुजला आहे. गोंधळाचे मूळ मात्र जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत, पण तिथली पेशी मांसाची आणि तिथले स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारे बंध. हिंदीने पेशीचा हा अर्थ राखला. मराठीने पेशीला नवे काम दिले आणि बंधांचे ‘स्नायू’ हे नाव मांसाला देऊन टाकले.

खरी अडचण ‘तंतू’ या शब्दाची आहे. स्नायुतंतू ही स्वतःच एक लांबट पेशी असते. संयोजी ऊतीतला तंतू मात्र पेशी नव्हे: फायब्रोब्लास्ट पेशी प्रथिन बाहेर सोडतात आणि त्याचा तंतू पेशींबाहेरच्या आधारद्रव्यात तयार होतो. म्हणून वाक्यात ‘पेशी आणि त्यांनी बाहेर घडवलेले तंतू’ असे लिहावे.

हा तंतू मुलांना दाखवायचा तर नारळाच्या काथ्याचा सुंभ वर्गात न्यावा. या तंतूंचे मुख्य प्रथिन कोलॅजेन; त्याच्या रेणूत ३ साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्याचे तंतू सुंभासारखेच ओढले तरी फारसे लांबत नाहीत. ताणून पूर्ववत होण्याचे काम इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंचे. संयोजी ऊतीतले तिसरे, जाळीदार तंतू हेही कोलॅजेनचेच, फक्त फार बारीक.

‘ऊती’ शब्दातही विणण्याचाच धातू आहे, ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ त्याचाच. (एकवचन आणि अनेकवचन दोन्हीही ‘ऊती’, समासात मात्र ‘ऊतिविज्ञान’.) सुश्रुताने स्नायूंना दिलेली उपमा तर गोव्यात सहज पटावी: फळ्या अनेक बंधांनी बांधल्या की नाव पाण्यात भार वाहते, तसेच सांधे स्नायूंनी बांधलेले शरीर. काथ्याच्या दोराने फळ्या शिवलेले ‘कौंडिण्य’ जहाज २०२५ मध्ये गोव्यातच पाण्यात उतरले; भित्तिपत्रकावर त्याचे चित्र लावायला हरकत नाही.