ड्रॅक्युलावरचे इतके चित्रपट आहेत, सुरुवात कुठून करू?

आधी कोणता पाहू आणि कादंबरीच्या सगळ्यात जवळचा कोणता, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासूनच करा, तीही रात्री, दिवे घालवून.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क न घेताच तो काढला होता. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला. स्टोकरच्या पत्नीने कोर्टात दाद मागितली आणि १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून जिना चढणारी ती सावली आज आपल्याला बघायला मिळते. भिंतीवर फक्त वाकलेली पाठ आणि लांबच लांब बोटं, माणूस दिसतच नाही. शंभर वर्षं झाली तरी तिथे माझा श्वास अडकतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हेही याच चित्रपटाने रूढ केलं. कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो!

मग १९३१चा 'ड्रॅक्युला', पण दोन्ही पाहा. युनिव्हर्सल या हॉलिवूड स्टुडिओच्या त्याच सेटवर दिवसा इंग्रजी चित्रपटाचं शूटिंग चालायचं आणि रात्री दुसरे कलाकार, दुसरा दिग्दर्शक घेऊन स्पॅनिशचं. किल्ल्यातल्या जिन्याचा प्रसंग लागोपाठ लावून बघा. इंग्रजीत बेला लुगोसी मेणबत्ती घेऊन सावकाश खाली उतरतो. स्पॅनिशमध्ये कॅमेराच झपकन जिना चढून ड्रॅक्युलापर्यंत पोचतो. चित्रपट म्हणून मला स्पॅनिशच सरस वाटतो, मात्र लुगोसीची ती नजर आणि एकेक शब्द तोलून बोलणं त्यात नाही. गंमत म्हणजे लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत. सुळे, लाल डोळे, भडक रंगातलं रक्त हे सगळं हॅमर या ब्रिटिश स्टुडिओच्या १९५८च्या चित्रपटात ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीने मनात पक्कं बसवलं.

आता कादंबरीच्या जवळचा कोणता ते सांगतो. प्रसंग आणि पात्रं धरली तर दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा १९९२चा. इतर बऱ्याच चित्रपटांत गाळलेला टेक्सासचा क्विन्सी मॉरिसही त्यात आहे. पण नायिका मीना म्हणजे ड्रॅक्युलाच्या बायकोचा पुनर्जन्म, ही प्रेमकथा स्टोकरची नव्हे. कादंबरीत मीनाला त्याची कीव येते, प्रेम नाही. म्हणून तो पाहण्याआधी पुस्तकाची निदान पहिली चार प्रकरणं वाचा, म्हणजे मीनाचा होणारा नवरा जोनाथन याची ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातली डायरी. ती अजून कुठल्याच चित्रपटाला पुरती पकडता आलेली नाही.