सहावीच्या मुलांना बालकवींचं आयुष्य आणि कविता कशी शिकवावी? त्यांच्या मृत्यूबद्दल सांगावं का?

दहा ओळींतली माहिती पुस्तकातल्या कवीपरिचयाच्या चौकटीत आहेच, मुलं ती घटक चाचणीपुरती पाठ करतात आणि विसरतात. मी जळगावात तीसेक वर्षं मराठी शिकवलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरून बोलणी खाल्ली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

९२-९३ साल असेल. वर्ग सहावीचाच, कविता ‘श्रावणमासी’. फळ्यावर बालकवींचं खरं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे, पुढे कंसात १८९० ते १९१८ असं लिहून मी कविता चालीवर म्हणून घेत होतो. दुसऱ्या बाकावरच्या एका पोरानं वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली आणि उभा राहिला. “सर, अठ्ठावीसच?”

म्हटलं, अठ्ठावीसही नाही रे. जन्म १३ ऑगस्टचा, गेले ५ मेला. त्या सालचा वाढदिवस यायचाच होता. सत्तावीस.

“काय झालं होतं त्यांना?”

इथं ‘आजारी होते’ म्हणून पुढच्या कडव्याला लागणारे शिक्षक मी पाहिलेत. मी खरं ते सांगितलं, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. खिडकीकडची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आमचं टेशन.” ती रोज भादलीहून पासिंजरनं अपडाऊन करायची.

मग कसली कविता! तेव्हा कोळशाचं इंजिन होतं का, स्टेशनवर त्यांचं नाव लिहिलंय का, गाडी कुठून येत होती... तास संपला तरी हात वरच. धरणगाव त्यांचं जन्मगाव म्हटल्यावर दोघा-तिघांचे मामाच तिथले निघाले. पुस्तकातला कवी एकदम जिल्ह्यातला माणूस झाला.

चार दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत. पोरगी रूळ ओलांडायला तयार नाही. थांबते, इकडं बघते, तिकडं बघते, परत इकडं बघते, तोवर गाडी सुटते. दोनदा शाळा बुडली. ते बिचारे अर्धं हसतच सांगत होते. आमच्या सुपरवायझरांना मात्र हसू आलं नाही. “आनंदी आनंद गडेवाला कवी आहे तो, पोरांना रूळ कशाला दाखवता?” स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. मी गप्प बसलो, ते आजही सलतं. रुळांपाशी थांबून दोन्हीकडं बघणारी मुलगी हे माझ्या शिकवण्याचं अपयश कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि ‘आनंदी कवी’ हे तरी कुणी ठरवलं? ‘पारवा’ काढून बघा, पडक्या धर्मशाळेत एकटाच घुमणारा. ‘औदुंबर’ आठच ओळींचा, पण त्यात पाण्यावर ‘गोड काळिमा’ पसरतो. काळिमा गोड कसा, असं मी दर वर्षी वर्गाला विचारायचो. एका वर्षी उत्तर आलं, “जांभळं खाल्ल्यावर जिभेला येतो तसा.” यापेक्षा चांगलं रसग्रहण मी कुठल्या गाइडात वाचलेलं नाही.

आता तुमचं काम. ‘बालकवी म्हणजे मुलांसाठी लिहिणारे कवी’ हे आधी मुलांच्या डोक्यातून काढा. १९०७ साली जळगावातच कवी संमेलन भरलं होतं. तिथं सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ही पदवी दिली. मूल असून कवी, म्हणून बालकवी. अकरावी-बारावीतल्या दादाएवढा होता, असं सांगा, मुलांना लगेच हिशेब लागतो. नगरला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी तो राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा ठोंबरे चालता-बोलता भेटतो, त्यातलं एखादं पान वर्गात वाचा. आणि पाठनियोजन काही म्हणो, ‘श्रावणमासी’ जानेवारीत शिकवू नका. पावसाची सर येऊन गेली, लगेच ऊन पडलं की पोरांना पुस्तक न घेता व्हरांड्यात उभं करा. ‘क्षणात येते सरसर शिरवे’चा अर्थ सांगावा लागत नाही.

हो, मला भादली हाताशी होती, हे कबूल. पुण्या-मुंबईच्या वर्गात इतकं सोपं जाणार नाही. कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर ते आधी माहीत करून घ्या. आणि चौथीच्या आत अपघाताचं मुळीच काढू नका. माझ्या धाकट्या लेकीला एकदा सांगून बसलो, पुढं महिनाभर तिला आगगाडीत बसवताना रडारड. तेवढ्यापुरते सुपरवायझर बरोबर होते. सहावीपुरते नव्हते.