परदेशी स्थायिक होताना स्वतःची गाडी सोबत न्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की, नोकरीनिमित्त कुटुंबासह परदेशी स्थायिक व्हायचे ठरले असताना काही वर्षे वापरलेली, उत्तम स्थितीतली गाडी विकून टाकावी की जहाजाने सोबत न्यावी, आणि न्यायची झाल्यास एकूण खर्च किती येईल. कोणत्या देशात जात आहात हे तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे खर्चाचा आकडा देता येणार नाही. परंतु सीमाशुल्काच्या कागदपत्रांचे काम करत आल्यामुळे एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. जहाजभाड्याची चौकशी सगळ्यात शेवटी करावी. त्याआधी हे विचारावे की, नेमकी हीच गाडी, हाच चॅसिस क्रमांक, त्या देशात नोंदवला जाईल का. तिथल्या परिवहन खात्याकडून याचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत गाडी बंदराकडे हलवू नये. भाडे परवडते म्हणून गाडी पाठवली आणि नोंदणी नाकारली गेली, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे गाडी परत पाठवणे किंवा मोडीत काढणे एवढेच मार्ग उरतात आणि दोन्हींचा खर्च मालकालाच सोसावा लागतो.

नोंदणी का नाकारली जाते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात तयार झालेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या वेगवेगळ्या बाजारांसाठी बनवलेल्या असल्या, तर कायद्याच्या दृष्टीने त्या वेगळ्या ठरतात. युरोपातले देश, जपान आणि इतर अनेक देश संयुक्त राष्ट्रांच्या १९५८च्या करारातून निघालेले नियम पाळतात. तिथे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी सरकारी यंत्रणा त्याला मान्यता देते, आणि दिवे, काचा, आरसे अशा भागांवर वर्तुळातला ‘ई’ व मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक उमटवलेला असतो. अमेरिका या करारात नाही. तिथे उत्पादक स्वतःच आपली गाडी संघराज्याच्या सुरक्षा मानकांप्रमाणे असल्याचे प्रमाणित करतो आणि तसे लेबल बहुधा चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर लावतो. असे लेबल नसलेली आणि २५ वर्षांपेक्षा कमी वयाची गाडी अमेरिकेत कायमची न्यायची असेल, तर तो नमुना मानकांनुसार बदलता येण्याजोगा आहे हे आधी सरकारने मान्य केलेले असावे लागते, मग सरकारकडे नोंदलेल्या आयातदारामार्फत बदल करून घ्यावे लागतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत गाडीच्या मूल्याच्या दीडपट रकमेचा बाँड द्यावा लागतो. प्रदूषणाचे नियम दुसऱ्याच खात्याकडे आहेत आणि त्यांची वयोमर्यादा २१ वर्षांची आहे. सुरक्षेच्या बाबतीतला हा कडकपणा १९८८च्या कायद्याने आला, कारण त्याआधी युरोपीय बाजारासाठी बनलेल्या महागड्या गाड्या अधिकृत विक्रेत्यांना वगळून अमेरिकेत मोठ्या संख्येने येऊ लागल्या होत्या.

कॅनडात, अमेरिका व मेक्सिको वगळून इतर देशांतून येणाऱ्या आणि कॅनडाच्या मानकांनुसार न बनलेल्या गाडीसाठी वयाची अट किमान १५ वर्षांची आहे. सिंगापूरमध्ये नेमके उलट आहे: वापरलेली गाडी तीन वर्षांहून कमी वयाचीच असावी लागते, आणि अभिजात जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत. म्हणजे एका देशात गाडी पुरेशी जुनी नाही म्हणून अडते, तर दुसऱ्या देशात पुरेशी नवी नाही म्हणून. ऑस्ट्रेलियात आयात मंजुरी आधी मिळवायची आणि मगच गाडी जहाजावर चढवायची, असा क्रम आहे. स्थलांतर करणाऱ्या व्यक्तीला वैयक्तिक आयातीच्या सवलतीखाली गाडी आणायची असेल, तर ती परदेशात सलग किमान १२ महिने तिच्या मालकीची व वापरात असल्याचे सिद्ध करावे लागते. तुम्ही ज्या देशात जात आहात तिथली अट यांपेक्षा वेगळी असू शकते. ती सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावी आणि वाहतूक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे हा मुद्दा सर्वांना सुचतो, पण तो एकटा नसतो. अनेक देश उलट बाजूच्या स्टिअरिंगची गाडी चालवू देतात, तरीही हेडलाइटचा खालचा झोत कोणत्या बाजूला झुकतो यावर अडवतात, कारण डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनलेला झोत उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो. ब्रिटनमध्ये स्पीडोमीटरवर वेग मैलांत दिसावा लागतो आणि मागचा धुक्याचा दिवा मध्यभागी किंवा चालकाच्या उजव्या अंगाला असावा लागतो. हे बदल शक्य असतात, परंतु ज्या मॉडेलची त्या बाजारातली आवृत्तीच निघालेली नाही, त्याचे दिवे मिळवणे फार जिकिरीचे होते.

आता कराकडे येतो, कारण हिशेब इथेच फसतो. सीमाशुल्क केवळ गाडीच्या किमतीवर लागते असे बहुतेकांना वाटते. पुष्कळ देशांत ते किंमत, विमा आणि जहाजभाडे या तिन्हींच्या बेरजेवर लागते, आणि त्या बेरजेत शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर पुन्हा मूल्यवर्धित कर लागतो. युरोपीय संघात मोटारगाडीवरचे सर्वसाधारण सीमाशुल्क १० टक्के आहे. गाडीचे मूल्य १०० मानले आणि भाडे व विमा मिळून १० धरले, तर शुल्क ११ होते, आणि फ्रान्सप्रमाणे २० टक्के मूल्यवर्धित कर १२१ वर लागून २४.२ होतो. म्हणजे नुसता कर ३५.२, आणि भाड्यासह ४५.२. हे मूल्यही तुम्ही सांगाल तेच धरले जाईल असे नाही. वापरलेल्या गाड्यांसाठी अधिकारी स्वतःच्या पद्धतीने मूल्य ठरवू शकतात.

या बोजातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे निवास-स्थलांतराची सवलत, आणि तुमच्यासारख्या प्रत्येकाने ती आधी तपासावी असे मला मनापासून वाटते. युरोपीय संघाच्या २००९च्या नियमानुसार, संघाबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेल्या व्यक्तीने निवास बदलताना स्वतःची वापरातली गाडी आणली, आणि ती निघण्यापूर्वी किमान सहा महिने तिच्या मालकीची व वापरात असली, तर सीमाशुल्क माफ होते. मूल्यवर्धित करासाठीही अशीच सवलत आहे. नव्या देशात राहायला लागल्यापासून १२ महिन्यांच्या आत गाडी यावी लागते, आणि सवलत मिळाल्यावर पुढचे १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. ब्रिटनच्या अटी याच धर्तीच्या आहेत. तिथे गाडी पोहोचल्यावर १४ दिवसांत कर खात्याला कळवावे लागते आणि ते झाल्याशिवाय नोंदणी होत नाही.

या अटींमध्ये दोन खाचखळगे आहेत. जाण्याच्या तोंडावर नवी गाडी घेऊन ती सोबत नेण्याचा बेत करणाऱ्याची सहा महिन्यांची अट पूर्ण होत नाही आणि त्याला पूर्ण कर भरावा लागतो. दुसरा खळगा नावाचा आहे. गाडी कंपनीच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर वर्षानुवर्षे तुम्हीच ती चालवलेली असूनही अर्ज अडू शकतो. म्हणून नोंदणीपत्र, विमा आणि खरेदीची पावती या तिन्हींवरचे नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे आजच पाहा. कर्ज बाकी असेल तर बँकेच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय गाडी देशाबाहेर नेता येत नाही, आणि ते मिळायला वेळ लागतो.

पर्यटकांच्या नियमाचा आधार घेऊन परदेशी नंबरप्लेटवरच गाडी चालवत राहण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. तात्पुरत्या आयातीची मुभा तिथे निवासी नसलेल्यांसाठी असते. मोटार संघटनांकडून मिळणारे कार्नेट हे कागदपत्रही गाडी मुदतीत परत बाहेर नेण्याची हमी असते आणि ते साधारणपणे एक वर्षासाठी दिले जाते. तुम्ही राहण्याचा परवाना घेऊन जात आहात. अशा व्यक्तीची परदेशी प्लेटची गाडी पकडली गेली, तर कर, दंड आणि कधी कधी जप्ती असे तिहेरी संकट उभे राहते, शिवाय विमा कंपनीही हात वर करू शकते.

हे सर्व पार पडत असेल तरच जहाजाचा विचार करावा. गाडी थेट चालवत जहाजात चढवण्याची रो-रो पद्धत सहसा स्वस्त पडते, मात्र त्यात गाडीच्या आत घरगुती सामान ठेवू देत नाहीत. कंटेनरमध्ये गाडी बंदिस्त राहते आणि घरसामानाचा कंटेनर तसाही जाणारच असेल, तर तो पर्याय अधिक सोयीचा ठरतो. टाकीत इंधन थोडेच ठेवावे, हे दोन्हीकडे सारखे.

विम्यात मात्र काटकसर करू नका, आणि गाडी पूर्णपणे नष्ट झाली तरच भरपाई देणारा विमा घेऊ नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला अटलांटिक महासागरात आग लागली आणि सुमारे चार हजार गाड्यांसह ते मार्चच्या आरंभी अझोर्स बेटांजवळ बुडाले. असे प्रसंग विरळ असतात. त्याहून कमी माहीत असलेला धोका सामायिक हानीचा आहे: जहाज वाचवण्यासाठी झालेला असाधारण खर्च जहाजमालक आणि सर्व मालधनी यांच्यात, प्रत्येकाच्या मालाच्या मूल्याच्या प्रमाणात वाटला जातो, हा सागरी कायद्याचा जुना दंडक आहे. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ या मालवाहू जहाजाच्या मालकांनी अशी सामायिक हानी जाहीर केली होती. अशा वेळी तुमच्या गाडीला ओरखडाही आलेला नसला, तरी तुमच्या वाट्याची हमी भरेपर्यंत ती ताब्यात मिळत नाही. योग्य सागरी विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

गाडी बंदरात उतरल्यावर मोजके दिवस मोफत असतात, त्यानंतर जागाभाडे आणि डेमरेज, म्हणजे माल मुदतीत न उचलल्याचा आकार, रोज वाढत जाते. तुम्ही स्वतः गाडीच्या आधी पोहोचलेले असावे, आणि बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या व माल सोडवून घ्यायला लागणाऱ्या पावतीची, मूळ प्रत सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असाल तर गाडी खालून, चाकांच्या कमानींतून आणि इंजिनाच्या भागातून इतकी स्वच्छ करून घ्या की मातीचा कण वा गवताचे बी सापडू नये. शेती वाचवण्यासाठी ते देश हे फार गांभीर्याने घेतात, आणि सप्टेंबर ते एप्रिल या काळात एका परकीय ढेकणाच्या प्रादुर्भावामुळे ठरावीक देशांतून येणाऱ्या मालाची तपासणी आणखी कडक होते. ऑस्ट्रेलियात २००३च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे, त्यामुळे जुन्या गाडीचे ब्रेक व गॅस्केट तपासून घेणे भाग आहे.

विजेची गाडी असेल तर चार्जिंगचे सॉकेट पाहा. उत्तर अमेरिका, युरोप आणि चीन यांची जलद चार्जिंगची मानके एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सर्व बाबतींत अ‍ॅडॅप्टरने काम भागत नाही. उत्पादकाची हमीही अनेकदा देशाच्या सीमेपाशी संपते. ती पुढे चालू राहील का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

माझे मत विचाराल तर, जी गाडी त्या देशातही सहज विकत मिळते, ती सवलत मिळत असली तरी विकून जावे. न्यावी ती अशी गाडी, जिची जागा दुसरी घेऊ शकत नाही. अपंग चालकासाठी हाताने चालवायची नियंत्रणे किंवा व्हीलचेअरची लिफ्ट बसवलेली गाडी मी यात सर्वांत वर ठेवीन, कारण नव्या देशात तशी गाडी तयार करून घेण्यात बरेच महिने जाऊ शकतात आणि तेवढा काळ त्या व्यक्तीचे घराबाहेर पडणेच थांबते. अशा गाड्यांना अनेक देशांत करात वेगळी सूटही असते, ती मागावी. घराण्यातली जपलेली जुनी गाडी, किंवा सर्व खर्च नोकरी देणारी कंपनी लेखी कराराने उचलत असल्यास तुमची आताची गाडी, यांचाही विचार करण्यासारखा आहे.

न्यायचे ठरलेच, तर निर्यातीची कागदपत्रे कायम जपून ठेवा. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांसारख्या ठिकाणी, तिथून बाहेर नेलेली गाडी तीन वर्षांच्या आत फारसा बदल न करता परत आणली तर शुल्क माफ होऊ शकते, पण ती तीच गाडी आहे आणि कधी बाहेर गेली, हे दाखवणारा कागद तुमच्यापाशी असावा लागतो.