मंडळीचे खरे काम कोणते?

प्रश्न : आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीत दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी एकच वाद होतो. ज्येष्ठ सभासदांच्या मते उपासना आणि सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश सांगणे) एवढेच मंडळीचे, म्हणजे चर्चचे, काम असून समाजसेवा सरकारने व स्वयंसेवी संस्थांनी करावी. तरुण सभासद विचारतात की, मिशनच्या काळातले दवाखाने आणि शाळा आता आपल्या हाती नाहीत, तर रविवारी एकत्र जमण्यापलीकडे मंडळीचे प्रयोजन काय उरले? आपले मत कळवावे.
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : हा वाद यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही झाला होता आणि त्याची हकीकत बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवांना डावलले जाते, अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा देवाच्या वचनाची सेवा सोडून पंगतीची व्यवस्था पाहणे आपल्याला योग्य नाही, असे बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, सांगितले. आपले ज्येष्ठ सभासद बहुधा याच वाक्यावर बोट ठेवत असतील. परंतु प्रेषितांनी अन्नवाटप बंद केले नाही, की ते मंडळीबाहेरच्या कोणाच्या गळ्यात घातले नाही. त्यांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितले, ते नावलौकिकाचे आणि आत्म्याने व ज्ञानाने परिपूर्ण असावेत अशी अट घातली आणि प्रार्थना करून, नेमणुकीची खूण म्हणून, त्यांच्यावर हात ठेवले. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच ही माणसे घेतली असावीत, असे मानायला जागा आहे. पुढे याच सातांपैकी स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी (विश्वासासाठी प्राण देणारा) ठरला, तर फिलिप्पाने शेजारच्या शोमरोन प्रांतात जाऊन ख्रिस्ताची घोषणा केली. ज्यांना पंगत सांभाळायला नेमले होते, त्यांच्याच तोंडून सुवार्ता यरुशलेमेबाहेर गेली, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी शांतपणे वाचावी.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा आहे, आणि त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेलेल्याला खायला व उघड्याला वस्त्र दिले की नाही, यावरून निवाडा होईल असेही सांगितले आहे. यांतले एक पान ठेवून दुसरे फाडण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. सुवार्ताप्रसारावर विशेष भर देणाऱ्या पुढाऱ्यांनीही लॉसान येथील जागतिक परिषदेत झालेल्या १९७४ च्या लॉसान करारात समाजकार्य म्हणजे सुवार्ताप्रसार नव्हे हे स्पष्ट करून, दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचेच भाग असल्याचे मान्य केले.

आपल्याकडे हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर केडगावच्या मुक्ति मिशनकडे पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा आधी अन्न की आधी वचन, असा हिशेब त्यांनी मांडत बसल्याचे दिसत नाही. एकाच आवारात प्रार्थना होई, विणकाम होई आणि छापखानाही चाले. बायबल साध्या बायकांना कळावे म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाई तिथल्याच स्त्रियांनी केली. दुष्काळात जिला भाकरी मिळाली तिच्या हाताला छपाईचे खिळे जुळवण्याचे कामही मिळाले; त्यातली सेवा कोणती आणि ख्रिस्ताविषयीची साक्ष कोणती, हे वेगळे काढून दाखवणे मला तरी जमणार नाही.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. मदतीच्या बदल्यात बाप्तिस्म्याची अपेक्षा धरली, तर ती सेवाही राहत नाही आणि साक्षही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले आहे.

राहिला संस्था हातच्या गेल्याचा प्रश्न. आपल्याच गावात ज्यांनी काम केले त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी स्वतः सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. तो प्रयोग टिळकांच्या पश्चात फार फोफावला नाही, आणि बाप्तिस्म्याविषयीची त्यांची मोकळीक अनेकांना तेव्हा पटली नाही, आजही पटणार नाही. तरीही मिशनचा पगार आणि इमारती नसताना मंडळीने काय व्हावे, हा तरुण सभासदांचा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, हे समितीपुढे जरूर ठेवावे.

दवाखाना पुन्हा उभारण्याची भाषा सध्या नको. ती खर्चाच्या आकड्यापाशीच अडते. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात आणि त्यांच्या मुलांची शाळा तेवढे महिने बुडते. मंडळीत निवृत्त शिक्षक असतील, तर त्यांच्यातले काही जण निवडून, रविवारच्या उपासनेतच प्रार्थना करून या कामावर नेमावेत, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात चर्चच्या रंगकामाच्या वर लिहावी.