वाचक विचारतात : पेंग्विन फक्त क्रिलवरच जगतात का?

प्रश्न : अंटार्क्टिकाबद्दल काहीही वाचायला घेतलं की क्रिल (ते कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव), क्रिल आणि क्रिल. पण परवा एका लेखात सिल्व्हरफिश नावाच्या माशाला तिथली 'कीस्टोन' प्रजाती म्हटलं होतं. हे काय प्रकरण आहे? आणि एवढ्या गार पाण्यात त्याचं रक्त गोठत कसं नाही?

उत्तर : आधी एक खुलासा, जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या कसरीलाही इंग्रजीत सिल्व्हरफिशच म्हणतात, तिचा इथे काही संबंध नाही. हा खरा मासा, शास्त्रीय नाव प्लुराग्रामा अंटार्क्टिका, मोठा झाला तरी फार तर वीतभर.

क्रिलचं कौतुक खोटं नाहीये, पण खंडाच्या अगदी कडेच्या समुद्रात हिशोब बदलतो. रॉस समुद्रात तळ सोडून मधल्या पाण्यात फिरणारे सगळे मासे तोलले तर ९० टक्क्यांच्या वर वजन या एकट्याचंच भरतं. हा कोपेपॉड नावाचे पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि छोटे क्रिल खातो, आणि याला कोण खात नाही ते विचारा! अ‍ॅडेली आणि एम्परर पेंग्विन, वेडेल सील, मिंक व्हेल, मोठा टूथफिश, सगळे याच्यावर टपलेले.

आता 'कीस्टोन' हा शब्द. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये तो वापरला तो खडकावरच्या तारामाशाच्या अभ्यासावरून, तारामासे काढून टाकले तर शिंपले माजून बाकीच्यांना जागाच उरत नव्हती. म्हणजे संख्या थोडी पण दरारा मोठा. सिल्व्हरफिश तर ढिगाने आहे, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तो त्या व्याख्येत नीट बसत नाही असं मला वाटतं. मी त्याला पूल म्हणेन, खालचं अन्न वर जायला तिथे दुसरा धड रस्ताच नाही.

गोठण्याचं म्हणाल तर समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाला गोठतं आणि साध्या समुद्री माशाचं रक्त त्याच्या बरंच आधी, उणे ०.८ च्या आसपास. इथल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटून त्याला वाढूच देत नाही, आर्थर डेव्हरीज या शास्त्रज्ञांनी ते १९६० च्या दशकात शोधलं. गंमत म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या पोलर कॉड माशामध्येही जवळपास तसंच प्रथिन आहे, आणि दोघांचं नातं लांबचं, जीन वेगळे, म्हणजे तोच उपाय निसर्गाला दोनदा सुचला! (तिकडे सील आणि बेलुगा व्हेलचं पोट हा पोलर कॉड भरतो.)

अजून एक गोष्ट मला फार आवडते. याचे पूर्वज तळाशी राहणारे, म्हणून याला तरंगायची हवेची पिशवीच नाही, मग हा अंगात चरबीच्या पिशव्या बाळगून आणि हाडं हलकी ठेवून तरंगतो. आता ज्या चरबीमुळे तो तरंगतो तिच्याचमुळे पेंग्विनच्या पिल्लांना भरवायला तो एकदम भारी खाऊ ठरतो.

पण अडचण अशी की याचं बाळंतपण बर्फात होतं. २००२ साली रॉस समुद्रातल्या टेरा नोव्हा बे मध्ये बर्फाखाली साचलेल्या पातळ चकत्यांसारख्या स्फटिकांच्या थरात याची अंडी पहिल्यांदा सापडली, म्हणजे एवढा मुबलक मासा आणि त्याची अंडी कुठे असतात हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. साहजिकच बर्फ घटला की फटका याला आधी बसतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, जिथे पाणी तापलंय आणि समुद्रबर्फ कमी झालाय, तिथल्या अ‍ॅडेलींच्या खाण्यात हा पूर्वी भरपूर असायचा, आता क्वचितच दिसतो, आणि ते बहुतेक क्रिलवर भागवतात. म्हणजे क्रिलबद्दल तुम्ही वाचलेलं तेही बरोबरच, फक्त ते एका भागातलं आणि अलीकडचं.